आबा हटवादी, की मी?

प्रश्न : ताई, शिरपूर तालुक्यात आमची बागायती शेती आहे. विहिरीच्या पाण्यावर दरवर्षी कापूस असतो. आमचे आबा म्हणतात, बीटी कापसाला बोंडअळी लागतच नाही. ज्याला लागली त्याचं बियाणं बोगस. मी काही बोललो की 'तुले काय समजस?' म्हणतात आणि विषय संपतो. दर आठवड्याला फवारायचं एक घरगुती द्रावण मी मोबाइलवर पाहिलं. ते करून बघू म्हटलं, तर म्हणाले, 'तुझं मन धर्मशाळा झालंय, कोणीही यावं नि राहावं.' आबा हटवादी आहेत हे मला दिसतं. पण मग मोकळ्या मनाचा माणूस नेमका कसा असतो?
— एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : भाऊ, आबांचं मत कुठून आलं ते आधी बघा. बीटी येण्याआधी हिरव्या अमेरिकन बोंडअळीने कापूसवाल्यांना रडवलं होतं. फवारणीवर फवारणी करूनही बोंडं हाती लागत नव्हती. 2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे जनुक घालून झाडातच अळीला मारणारं विष तयार करणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली आणि ती अळी आटोक्यात आली. हे आबांनी कुठे वाचलेलं नाही, स्वतःच्या शेतात पाहिलेलं आहे. त्या वेळी नवं बियाणं घ्यायलाही मन मोकळंच लागलं असेल. त्यांचं मत अनुभवातून आलंय, याचा मान तुम्ही ठेवायलाच हवा.

पुढे गुलाबी बोंडअळी बीटीच्या विषाला सरावली. 2006 मध्ये अशा विषाची दोन जनुकं असलेलं बियाणं आलं, तेही तिने पचवलं. 2017 च्या खरिपात या अळीने महाराष्ट्रभर कापसाचं किती नुकसान केलं, ते तुमच्या गावातही दिसलं असेल. ही अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि बोंड वाढताना तिने पाडलेलं छिद्र बुजून जातं. बांधावरून बघणाऱ्याला पीक हिरवंगार दिसतं. बोंड फोडल्याशिवाय ती सापडत नाही.

तरीही आबा ठामपणे बोलतात यात मला काही वावगं वाटत नाही. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यातच जायचं, यावर मीही ठाम आहे आणि त्यावर दरवेळी नव्याने विचार करायची मला गरज वाटत नाही. मला खटकतं ते त्यांचं 'बियाणं बोगस' हे उत्तर. अळी आली नाही तर बीटी चांगलं, आली तर बियाणं बोगस! असं मत कुठल्याच हंगामात चुकू शकत नाही. काय दिसलं तर मी मत बदलीन, याचं उत्तर माणसाकडे उरलं नाही, की तिथे हट्ट सुरू होतो.

आता तुमच्या द्रावणाकडे येऊ. अळी कमी झाली तर द्रावणाचा गुण, नाही झाली तर 'प्रमाण चुकलं असेल', असंच तुम्ही म्हणणार ना? मग तुमच्यात आणि आबांत फरक काय? नवं ते लगेच धरणं म्हणजे मोकळं मन नव्हे. धर्मशाळेचं बोलणं तुम्हाला लागलं असेल, पण त्यात तथ्य आहे. द्रावण फवारायचंच असेल तर शेजारच्या काही ओळी तशाच सोडा आणि दोन्हीकडची बोंडं फोडून मोजा.

मी अमळनेरला तत्त्वज्ञान शिकवायचे. प्रताप शेठजींनी उभारलेलं तत्त्वज्ञान मंदिर त्याच गावात आहे. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत खंडनाआधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीने आधी सांगतात. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात हे पानोपानी दिसतं. घरी हे फार अवघड जातं, मला माहीत आहे. तरी आबांपुढे बसून त्यांचं म्हणणं अशा शब्दांत मांडा, की ते म्हणतील, 'हां, मला हेच म्हणायचंय.' वादाला त्यानंतर सुरुवात करा.

आणि कसोटी दोघांनी मिळून आधीच ठरवा, पीक फुलावर यायच्या आत. हेक्टरी 5 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावा. एका सापळ्यात सलग 3 रात्री दर रात्री 8 किंवा जास्त पतंग आले तर धोक्याची पातळी गाठली, असं कृषी शास्त्रज्ञ सांगतात. शेतात फिरून कुठलीही 20 हिरवी बोंडं तोडा आणि फोडा. त्यातली 2 किडकी निघाली तरी तोच इशारा समजा. डोमकळ्या, म्हणजे अळी आत असल्याने नीट न उमललेली फुलं, याही बघा. पतंग आबांनी मोजावेत, तुम्ही वहीत लिहावेत. बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल आणि पावती आत्ताच जपून ठेवा, म्हणजे 'बोगस'चा प्रश्नही हवेत राहणार नाही. आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तोच कापूस उभा ठेवून घेतलेलं पुढचं पीक, घेऊ नका. जानेवारीनंतर उभ्या राहिलेल्या कापसात ही अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते.

मोजणीत आबांचं म्हणणं खरं निघालं, तर यंदा फवारणीचा विषय तुम्ही काढणार नाही, हे त्यांना आजच सांगून टाका.