रेघा गाळण्याआधी

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझी पाचही अर्कचित्रं पाहिली. माणसांचे नमुने, म्हणजे त्यांचे ठरावीक प्रकार, तुला दिसतात, ही मोठी गोष्ट. पण कमी रेघांत चित्र उरकायची घाई झाली आहे. त्यासाठी इंग्रज व्यंगचित्रकार फिल मे नीट बघ. इंग्लंडमधल्या लीड्सजवळ 1864 मध्ये जन्मलेला हा मुलगा तिथल्या नाट्यगृहात नटांची चित्रं काढत शिकला, 1885 ते 1888 सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकासाठी राबला आणि पुढे लंडनचे फेरीवाले, पिसांच्या टोप्या घालून मिरवणाऱ्या त्यांच्या बायका, दारुडे ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाच्या पानांवर घेऊन आला. 1896च्या ‘गटर-स्नाइप्स’ या त्याच्या पुस्तकात रस्त्यावरच्या पोरांची 50 चित्रं आहेत. त्यातली दहा वहीत उतरव आणि रेघा मोज.

त्या थोडक्या रेघा गाळून उरलेल्या आहेत. मे आधी पूर्ण चित्र काढायचा. तूही पेन्सिलीने सगळं काढ: सावली, चुण्या, बटणं. वर ट्रेसिंग पेपर ठेवून पहिल्यांदा सावलीच्या रेघा गाळ. दुसऱ्या कागदावर चुण्या गाळ. तिसऱ्यावर बाह्यरेषा तोड, पण डोळा आपोआप जोडून घेईल तिथेच. खांदा, कोपर, गुडघा, बुटाची टाच मात्र ठेव. अंगाचा भार तिथे दिसतो. तुझा टोपीवाला म्हातारा हवेत तरंगतो, कारण टाच गेली आहे. चार रेघांनीच सुरुवात केली तर माणसाची बाहुली होते.

नमुना नुसत्या नाकाडोळ्यांत शोधू नकोस. नाक ताणलं की एकाच माणसाचं अर्कचित्र होतं. फेरीवाला ओळखू येतो गळ्यातल्या रुमालावरून, टोपीच्या कलावरून, उभं राहण्याच्या ढबीवरून. मेच्या पोरांचे कपडे फाटके आहेत, पण हसू येतं ते त्यांच्या ऐटीचं. दारिद्र्याला हसवलंस तर ती टवाळी होईल, आणि ती मला तुझ्या हातून नको आहे.

छपाईसाठी दीडपट मोठं काढ. छापील रुंदी 10 सेंमी असेल तर कागदावर 15, म्हणजे 0.3 मिमीची रेघ 0.2 वर येते. फार बारीक रेघ वर्तमानपत्री कागदावर तुटते, आणि रेघांची दाट जाळी शाईने भरून तिचा डाग होतो. मेची चित्रं फोटोने जस्ताच्या ठशावर उतरवत; त्या ठशाला काळं आणि पांढरं एवढंच कळायचं. म्हणून शाई काळीभोर ठेव, पाणी घालू नकोस.

म्हातारा पुन्हा कर. पेन्सिलीचं मूळ आणि तिन्ही ट्रेसिंग एकत्र पाठव; काय गाळलंस ते मला बघायचं आहे.