पूर ओसरला, आता मोटार लावू का?

प्रश्न: दूधगंगेचं पाणी चार दिवस घरात होतं, काल उतरलं. फ्रिज, मिक्सर, विहिरीवरची मोटार सगळं बुडालं. मालक म्हणतात दोन दिवस उन्हात वाळवू आणि लावून बघू. पोत्यातली ज्वारीपण भिजलीय, वाळवली तर चालेल का?
– एक वाचक, चिकोडी तालुका (कर्नाटक)

उत्तर: ताई, आधी मालकांना थांबवा! वरनं वाळलेलं दिसतं पण आत वाइंडिंगमध्ये ओल आणि गाळ राहतोच, बटण दाबलं की मोटार जळणार नाहीतर माणसाला शॉक बसणार. मेन स्विच बंदच ठेवा, वायरमनला दाखवा, मगच लाईट.

ज्वारीचं सांगायला जीवावर येतंय, पण टाकून द्या. पुराच्या पाण्यात संडासाची घाण असते, शिवाय बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होऊ शकतं, ते ना उन्हानं जातं ना भाकरी भाजून, आणि म्हशीला घातली तर दुधातनं परत आपल्याच पोरांच्या पोटात.

विहीर उपसून ब्लीचिंग पावडर टाकावी लागेल. एरवी १००० लिटरला २.५ ग्रॅम पुरते, पुरानंतर जास्त लागते, म्हणून प्रमाण आरोग्य उपकेंद्रात विचारा. तोवर पाणी उकळूनच प्या.

आणि हो, घर धुवायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट सगळ्याचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. पंचनामा कन्नडमध्ये असला तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.