तुझ्या हाताला आधीच कळलं होतं

मावशी,
माझे मिस्टर 46 वर्षांचे. पिंपळगावहून वाशी मार्केटला भाजी नेणारा आमचा स्वतःचा टेम्पो आहे. तीन वर्षांपूर्वी ह्यांना अटॅक येऊन गेला, स्टेंट टाकलाय, हार्टचं पंपिंग तेव्हा 40 टक्के सांगितलं होतं. घोरणं लग्नापासूनचंच. पण आता घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो. मी पाठीवर हात ठेवून मनात आकडे मोजते. कधी वीस, कधी तीस. कधी पोट गचके देतं पण श्वास येत नाही, कधी पोटसुद्धा हलत नाही, सगळंच गप्प. मग मी हलवून जागं करते. दोन वर्षं अशीच काढलीत. मागच्या महिन्यात घोटीच्या टोलनाक्यावर हे स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपले, मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. क्लीनर पोरानं सांगितलं, ह्यांनी नाही. मग भांडून स्लीप टेस्ट करायला लावली. एएचआय 42 आला, त्यात 27 ऑब्स्ट्रक्टिव्ह, 15 सेंट्रल. सेंट्रल म्हणजे मेंदूचं, हे कळल्यापासून चिडलेत. ‘मी काय वेडा आहे? मार्केटात कळलं तर माल कोण देईल?’ सासूबाई म्हणतात, दमून येतो, गाढ झोपतो, म्हणून घोरतो. नणंदेचे सासरे वारले, त्यांचं श्वासाचं मशीन घरात पडून आहे. ती म्हणते घेऊन जा, महागाची वस्तू. आणू का? आणि मी रात्री जागायचं सोडलं आणि काही झालं तर?
— निफाड तालुक्यातून एक वाचक

प्रिय लेकी,

मशीनचं आधी सांगते, कारण कदाचित ते उद्याच घरी यायचं असेल. आणू नकोस. आणलंच असेल तर प्लग लावू नकोस. का, ते पुढे सांगते.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली. ‘कधी पोट गचके देतं पण श्वास येत नाही, कधी पोटसुद्धा हलत नाही.’ स्लीप टेस्टच्या रात्री त्यांच्या छातीला एक आणि पोटाला एक असे दोन पट्टे बांधले असतील, नाकाशी बारीक नळी लावली असेल. ते पट्टे हेच बघतात. नाकातून हवा थांबली, पण छाती-पोट जोर लावतंय, म्हणजे घसा मिटलाय : ऑब्स्ट्रक्टिव्ह. हवाही थांबली आणि जोरही नाही, म्हणजे श्वास घ्यायचा हुकूमच सुटला नाही : सेंट्रल. 10 सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला की एक धरतात. श्वास पूर्ण न थांबता नुसता मंदावला, तर तेही मोजतात, आणि दोन्ही मिळून तासाला किती वेळा, तो आकडा म्हणजे एएचआय. 5 च्या आत असेल तर काळजी नसते, 30 च्या वर गेला की आजार तीव्र समजतात. यांचा 42 आहे. मशीननं जे कागदावर आणलं ते तुझ्या तळहाताला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. घरात कुणी ऐकलं नाही, त्याचा दोष तुझ्याकडे घेऊ नकोस.

आता ‘वेडा आहे का’ या प्रश्नाचं उत्तर. नाही. यात मनाचा, बुद्धीचा काही संबंध नाही. आणि त्यांच्या बाबतीत सेंट्रलचं मूळ मेंदूत असण्यापेक्षा हृदयात असण्याची शक्यता मला जास्त वाटते. हे त्यांना असं समजावून सांग. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवताना एक जण खाली मोटरपाशी असतो, एक वर. वरून ‘भरली, भरली’ अशी हाक वेळेवर आली तर ठीक. हाक उशिरा आली तर टाकी वाहून जाते. मग खालचा घाईनं मोटर बंद करतो आणि पाणी संपल्याचंही त्याला उशिराच कळतं. हृदयाचं पंपिंग कमी असलं की रक्त फुप्फुसातून मेंदूपर्यंत सावकाश पोचतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड किती आहे ही बातमी मेंदूला उशिरा मिळते. तो आधी गरजेपेक्षा जास्त श्वास ओढायला लावतो, त्यानं कार्बन डायऑक्साइड फार उतरतो, मग मेंदू म्हणतो, आता थांबा. श्वास वाढत वाढत जातो, उतरत उतरत थांबतो, पुन्हा सुरू होतो. या लाटेला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. डब्लिनच्या दोन डॉक्टरांची ही नावं, चेन यांनी 1818 मध्ये आणि स्टोक्स यांनी 1854 मध्ये त्याचं वर्णन केलं. म्हणजे ही जुनी, ओळखीची गोष्ट आहे. ‘तुमच्या डोक्यात बिघाड नाही, तुमच्या हार्टकडे परत बघायला हवं,’ असं सांगितलंस तर कदाचित ते ऐकतील.

घशाचा प्रकार वेगळा. उसाच्या रसात भिजून मऊ झालेली कागदी स्ट्रॉ जोरात ओढली की ती आतल्या आत चिकटते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की तसंच होतं. दार बंद आणि छाती आतून ओढतेय, हा ताण थेट हृदयावर येतो. ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, बीपी उसळतं, आणि माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. झोपेत बीपी खाली यायला हवं, यांचं रात्रभर चढतच राहतं. म्हणून औषधं घेऊनही न उतरणारं बीपी, ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात, डायबेटिस या सगळ्यांचं याच्याशी नातं आहे. सकाळी डोकं जड होणं, तोंड कोरडं पडणं, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं, हेही यातलंच असू शकतं.

सासूबाईंवर रागावू नकोस. आमच्या घरीही हेच झालं. माझे वडील घोरायचे आणि आम्ही भावंडं त्यांची नक्कल करून हसायचो. रात्री चार वेळा उठायचे, सगळ्यांनी प्रोस्टेटवर ढकललं. दिवसभर थकवा म्हणून एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. वयाच्या 61 व्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. घोरण्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. पण ‘झोपेत श्वास थांबतो का?’ हे आईला एकदाही कुणी विचारलं नाही, याचं दुःख मला आजही आहे. तुझ्या सासूबाईंना बप्पी लाहिरी माहीत असतील. 15 फेब्रुवारी 2022 ला ते मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाचंच, म्हणजे घसा मिटून झोपेत श्वास थांबण्याच्या याच आजाराचं नाव घेतलं होतं. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, हे त्यांना कदाचित या एका नावावरून पटेल.

आता मशीन. बाहेरून सारखेच दिसणारे डबे आत वेगवेगळे असतात. सीपॅप एकसारख्या दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवतं. बायपॅप श्वास घेताना एक आणि सोडताना दुसरा दाब देतं, आणि काही माणसांत त्यानं सेंट्रल थांबे उलट वाढू शकतात. तिसरं एक हुशार मशीन असतं, एएसव्ही, जे दर श्वासाला दाब बदलतं. 2015 मध्ये त्याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं हार्ट फेल्युअर होतं, पंपिंग 45 टक्के किंवा त्याहून कमी होतं आणि जास्त करून सेंट्रल थांबे होते, अशा लोकांत त्या मशीननं श्वासाचे आकडे छान सुधारले, पण हृदयविकारानं होणारे मृत्यू वाढले. लेकी, यांचं पंपिंग 40 आहे. यांचे थांबे जास्त करून घशाचे आहेत, त्यामुळे ती गोष्ट जशीच्या तशी यांना लागू होत नाही. पण नणंदेच्या सासऱ्यांच्या डब्यात कोणतं यंत्र आहे आणि त्यावर कुणाचा दाब बसवलाय, हे कळल्याशिवाय ते यांच्या नाकाला लावायचं नाही. मशीनचं मॉडेल लिहून घे आणि डॉक्टरांना दाखव. चालण्यासारखं असेल तर ते नवा मास्क घ्यायला सांगून दाब यांच्यासाठी बसवून देतील. नसेल तर मशीन भाड्यानंही मिळतं.

आधी नवीन इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तीन वर्षांपूर्वीचं 40 आज किती आहे ते बघू देत. हृदयाची औषधं नीट बसली की सेंट्रल थांबे बरेचदा आपोआप कमी होतात. मग बहुधा सीपॅपनं सुरुवात करतील. पहिल्या काही आठवड्यांत सेंट्रलचा आकडा थोडा वर दिसला तर घाबरू नकोस, पुष्कळांचा तो पुढे खाली येतो, मशीनमधली नोंद मात्र डॉक्टरांना दाखवत राहायची. मास्कची सवय रात्री लावू नका. संध्याकाळी टीव्ही बघताना वीस मिनिटं लावून बसू दे.

मशीननं दुसरा अटॅक टळेल असं वचन मी देणार नाही. 2016 मध्ये हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांवर मोठा अभ्यास झाला, त्यात सीपॅपनं पुढचे झटके कमी झाले नाहीत. लोकांनी मशीन वापरलं रात्रीला सरासरी 3.3 तास, हेही खरं. पण दिवसाची पेंग कमी झाली आणि मनाची उभारी वाढली. टेम्पो चालवणाऱ्या माणसाला पेंग कमी होणं ही लहान गोष्ट नाही.

आणि इथं मी कडक बोलणार आहे. उपचार सुरू होऊन पेंग जाईपर्यंत त्यांनी रात्रीचा टेम्पो चालवायचा नाही. घोटीला गाडी उभी होती. पुढे कसाऱ्याचा घाट आहे. या आजारात अपघाताचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त असतो, आणि शेजारच्या सीटवर कुणाचं तरी पोर क्लीनर म्हणून बसलेलं असतं. बदली ड्रायव्हरची मजुरी जाईल, मला कळतं, हंगामात ती जड जाते. तरीही. मार्केटात सांगायचंच असेल तर ‘हार्टच्या तपासण्या चालल्यात’ एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही. त्या पोराला मात्र चार शब्द चांगले बोल. त्याच्यामुळे टेस्ट झाली.

झोप लागावी म्हणून रात्री थोडी घेत असतील तर ती बंद. दारूनं घसा आणखी सैल पडतो. झोपेच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. लांबच्या ड्रायव्हिंगनं कंबर धरते म्हणून मेडिकलमधून काही घेतात का, तेही बघ. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या श्वासाचा हुकूम आणखी मंद करतात. वजन जास्त असेल तर दहा टक्के उतरलं तरी घशाचे थांबे चांगलेच कमी होतात. तोवर कुशीवर झोपू दे, जुन्या बनियनच्या पाठीला आतून चेंडू शिवून टाक, उताणं झालं की टोचतो.

तू हलवतेस त्यानं त्यांचं काही बिघडत नाही. पण बहुतेक वेळा शरीर स्वतःच जागं होऊन श्वास घेतं, आजपर्यंतच्या रात्री ते तुझ्या मोजण्यामुळे तगले असं नाही. तू झोपलीस म्हणून काही झालं, असं होणार नाही. दोन वर्षं न झोपलेल्या बाईचंही बीपी असतं, तुझं शेवटचं कधी मोजलं? आठवड्यातल्या काही रात्री दुसऱ्या खोलीत झोप, दार लोटून. हे त्यांना टाकून जाणं नव्हे.

एक रात्र तेवढी मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढ, चादर बाजूला करून, पोट दिसेल असा. रिपोर्टची झेरॉक्स घे, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भर आणि कार्डिओलॉजिस्टकडे त्यांच्यासोबत आत जा. बाहेर बाकावर बसू नकोस. रात्री काय होतं ते त्यांना सांगता येणार नाही, त्या वेळी ते झोपलेले असतात.

तुझी
मावशी