पहिल्या रात्री दोन मेले, मग एकही नाही

प्रश्न (बार्शी तालुका): घरामागे गोठा, त्याला लागून कडब्याची गंजी. उंदीर-घुशींनी ज्वारीची पोती फोडली. दुकानातून काळी पूड आणून कणकेच्या गोळ्यांत मळून ठेवली. पहिल्या रात्री दोन उंदीर मेले, त्यानंतर गोळ्यांना तोंडसुद्धा लावत नाहीत. औषध भेसळीचं असेल का? घरी कुत्रा, कोंबड्या आणि तीन वर्षांचा नातू आहे.

उत्तर: औषधाला बोल लावू नका. काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाईड, आणि दोन मेले म्हणजे ती चांगलीच होती. चुकलं ते घाई केल्यामुळे.

उंदराला उलटी होत नाही. त्यामुळे नवा पदार्थ दिसला की तो आधी कुरतडून बघतो आणि थांबतो. झिंक फॉस्फाईडचा पोटात वायू होतो, काही तासांत त्रास सुरू होतो. थोडंसं खाऊन जे वाचले, त्यांनी तुमचे गोळे ओळखून ठेवलेत. आता काही आठवडे तेच औषध पुन्हा ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय ही पूड ओल्या कणकेत मळायची नसते, ओलाव्याने विषारी वायू सुटतो. तुम्ही उघड्या हातांनी मळली असेल, तर यापुढे तसं अजिबात करू नका.

नातू आणि कुत्रा असलेल्या घरात मी ब्रोमॅडिओलोनच्या ०.००५ टक्के तयार वड्या सुचवतो. याने उंदीर लगेच मरत नाही, रक्त गोठायचं थांबून काही दिवसांनी मरतो. म्हणून बाकीच्यांना वडीचा संशय येत नाही. दोन फूट लांबीच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात मधोमध वडी तारेने बांधा आणि पाइप भिंतीलगत पक्का करा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो. पाइपच्या तोंडात नातवाचा हात जातो, तेव्हा पाइप त्याच्या वाटेत नको. कुलूपबंद खोलीत किंवा गंजीच्या मागच्या बाजूला ठेवा. रोज बघा, खाल्लेली वडी बदला, आठ-दहा दिवस खंड पडू देऊ नका. दोन वड्या ठेवून विसरून जाणारेच जास्त भेटतात.

बांधावरच्या घुशींसाठी झिंक फॉस्फाईड चालेल, पण पुढच्या हंगामात आणि रीतीने. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत. त्यांत दोन-तीन दिवस नुसता भरडा, त्याला थोडं करडईचं तेल लावून ठेवा. फुकटचं जेवण अंगवळणी पडलं की मग विष. अर्धा किलो आमिषाला ४८० ग्रॅम भरडा, १० ग्रॅम तेल, १० ग्रॅम पूड. हातमोजे घालून काठीने, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून कालवा. साधारण १० ग्रॅमची कागदी पुडी बिळात खोल सारून तोंड बुजवा, म्हणजे कोंबड्या उकरणार नाहीत. हे घरात नको. ब्रोमॅडिओलोनवर डॉक्टरांकडे व्हिटॅमिन के-१ हा उतारा असतो, झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. कोणी चुकून काहीही खाल्लं तर घरगुती उपाय करत न बसता पाकीट घेऊन दवाखान्यात जा.

आमिषाइतकंच पोत्यांकडेही बघा. धान्य उघड्यावर मिळत असेल तर तुमच्या वडीला कोण विचारतो? पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट सोडून रचा. कडब्याची गंजी घराच्या भिंतीला टेकवू नका. उंदराला ती शिडीच होते.

मेलेले उंदीर हातात धरू नका. फावड्याने उचलून हातभर खोल पुरा. उकिरड्यावर टाकलेला उंदीर कुत्रा, घार, घुबड कोणीही खाईल आणि घुबड तर तुमच्यासाठी रोज रात्री उंदीर मारतं.

जाता जाता: लांब नाकाची, वास मारणारी चिचुंद्री दिसली तर तिला सोडून द्या. ती झुरळं आणि किडे खाते, उंदीर नव्हे ती.