वाचकांचे प्रश्न : फाइल रिपॉझिटरीत, नोंद डेटाबेसमध्ये

प्रश्न : आमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये कागदपत्रांच्या फाइल अपाची जॅकरॅबिट २ मध्ये (झाडासारख्या रचनेत फाइल ठेवणाऱ्या रिपॉझिटरीत) जातात आणि त्यांची माहिती पोस्टग्रेएसक्यूएलच्या टेबलात. कधी टेबलात नोंद असते पण नोड (रिपॉझिटरीतली फाइलची जागा) सापडत नाही, कधी नोड असतो पण नोंद नसते. जॅकरॅबिटचा डेटाही त्याच पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आहे, तरी असं का होतं? एक्सए (दोन वेगळ्या साठ्यांना एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधण्याची पद्धत) लावलं तर सुटेल का?

उत्तर : डेटाबेस एक असला तरी कनेक्शन दोन आहेत, आणि ट्रान्झॅक्शन (सगळे होतील किंवा एकही नाही, असा बदलांचा गट) कनेक्शनचं असतं. जॅकरॅबिटचा पर्सिस्टन्स मॅनेजर स्वतःचं कनेक्शन उघडतो आणि सेशनवर सेव्ह() केलं की कमिट करून (बदल कायम करून) मोकळा होतो. तुम्ही नंतर डेटाबेसमध्ये रोलबॅक केलंत (बदल मागे घेतलेत) तरी त्याला पत्ता नसतो.

तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे बिघाड दिसतात, त्यावरून एक शंका येते : अपलोड आणि डिलीट दोन्हींत तुम्ही रिपॉझिटरीला आधी हात लावता. अपलोड मध्येच तुटलं की बेवारस फाइल उरते, डिलीट मध्येच तुटलं की फाइलशिवाय नोंद उरते. यातला पहिला बिघाड फक्त जागा खातो. दुसऱ्यात वापरणाऱ्याला कागदपत्रच मिळत नाही. म्हणून बिघाड झालाच तर तो पहिल्या प्रकारचा व्हावा, अशीच रचना करा.

आता एक्सएबद्दल. जॅकरॅबिट २ चं सेशन एक्सए रिसोर्स म्हणून नारायणा किंवा अ‍ॅटॉमिकोससारख्या ट्रान्झॅक्शन मॅनेजरला जोडता येतं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स हे सेटिंग मुळात ० असतं. ते किमान मॅक्स_कनेक्शन्सइतकं करून सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. ट्रान्झॅक्शनच्या आतही सेव्ह() करावंच लागतं, नाहीतर बदल सेशनमध्येच राहतात आणि कमिटला काहीच जात नाही. इतकं करून साधा रोलबॅक नीट चालतो. अडचण प्रोसेस मेल्यावर येते.

समजा दोन्ही बाजूंनी प्रिपेअरला (कमिटआधीच्या ‘तयार आहात का’ या टप्प्याला) होकार दिला, पोस्टग्रेएसक्यूएलने कमिट केलं आणि त्याच क्षणी प्रोसेस पडली. जॅकरॅबिटचे तयार बदल मेमरीत होते, ते गेले. पुन्हा सुरू झाल्यावर मॅनेजर रिकव्हर() करून अर्धवट काय उरलंय ते विचारतो, आणि जॅकरॅबिट रिकामी यादी परत देतं, कारण ही रिकव्हरी तिथे लिहिलेलीच नाही. मॅनेजरच्या हिशेबी काम पूर्ण झालं. प्रत्यक्षात नोंद आहे, फाइल नाही. एक्सए ज्या क्षणासाठी लावायचं, नेमका तोच क्षण उघडा राहतो. शिवाय पोस्टग्रेएसक्यूएलकडे अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन लॉक धरून बसतं आणि व्हॅक्यूम (जुन्या ओळींची साफसफाई) अडवतं. पीजी_प्रिपेअर्ड_झॅक्ट्स या व्ह्यूमध्ये ते दिसतं. या कामासाठी एक्सए लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी नोंद हाच एकमेव खरा पुरावा माना. टेबलात जिचा पाथ नाही, ती फाइल अस्तित्वातच नाही असं धरायचं.

अपलोडला अ‍ॅप्लिकेशनमध्येच यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळखक्रमांक) तयार करा, त्याच्या पहिल्या दोन-दोन अक्षरांचे फोल्डर करून नोड लिहा आणि सेव्ह() करा. ते यशस्वी झाल्यावरच डेटाबेसमध्ये पाथ, आकार आणि एसएचए-२५६ चेकसम (मजकूर तोच आहे का ते पडताळण्याचा ठसा) यांची नोंद घालून कमिट करा. फाइल बदलायची असेल तर जुन्या नोडवर कधीही लिहू नका. नवा नोड करा आणि नोंदीतला पाथ बदला. कमिट झालं नाही तर जुनी फाइल जशीच्या तशी असते.

डिलीटचा क्रम याच्या उलट. एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये नोंद काढा आणि तो पाथ ‘काढायचे नोड’ अशा टेबलात टाका. फाइल बदलल्यावर जुना पाथही तिथेच जातो. वेगळा वर्कर ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ने (दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून) एकेक पाथ उचलतो, नोड काढतो, सेव्ह() करतो आणि मग ती ओळ पुसतो. पुसण्याआधी तो पडला तर तेच काम पुन्हा करेल, म्हणून नोड नसल्याचा एक्सेप्शन आला तर काम झालंय असंच समजायचं.

बेवारस नोडसाठी रोज एक झाडणी ठेवा : २४ तासांपेक्षा जुने आणि टेबलात पाथ नसलेले नोड काढायचे. मुदत कमी करण्याचा मोह टाळा. अपलोड चालू असतानाच झाडणी आली तर ती जिवंत फाइल उचलून नेईल.

एक सापळा हमखास लागतो. पालक नोड एनटी:अनस्ट्रक्चर्ड या मोकळ्या प्रकारचा असेल तर त्याच नावाने पुन्हा लिहिल्यावर जॅकरॅबिट २ तक्रार करत नाही, मुकाट्याने [२] लावून दुसरा नोड करतं. पालक एनटी:फोल्डर ठेवा. मग आयटमएक्झिस्ट्स एक्सेप्शन येतो आणि चूक लगेच दिसते.

प्रश्न : रोलबॅक झाला तरी डेटास्टोअरची (जॅकरॅबिट फाइलचा मजकूर जिथे ठेवतं त्या साठ्याची) डिस्क भरत जाते. हे गळती म्हणायचं का?

उत्तर : नाही. बायनरी (फाइलचा मजकूर) नोडला देताच डेटास्टोअरमध्ये लिहिली जाते, सेव्ह()ची वाट बघत नाही. सेशन टाकून दिलं तरी ती तिथेच असते. डेटास्टोअरचं गार्बेज कलेक्शन (कोणताही नोड वापरत नसलेला मजकूर काढण्याचं काम) वेळापत्रकाने चालवा, तेच ती जागा मोकळी करतं.

प्रश्न : जॅकरॅबिट ओकवर (जॅकरॅबिटच्या नव्या पिढीवर) गेलो तर? दोन सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये नोंद दिसते, पण लगेच वाचलं तर नोड नसतो, आणि थोड्या वेळाने सापडतो.

उत्तर : ओकमध्ये जेटीए (जावातून एक्सए चालवण्याची पद्धत) ट्रान्झॅक्शनची सोयच नाही, त्यामुळे वरचीच पद्धत वापरावी लागते. तुम्हाला दिसतंय तो बिघाड नाही, उशीर आहे. डॉक्युमेंटनोडस्टोअरचा (क्लस्टरसाठीच्या ओकच्या साठ्याचा) प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याचे बदल ठरावीक अंतराने ओढून घेतो. हे अंतर मुळात १००० मिलिसेकंद असतं. नोड सापडला नाही तर एक-दोन सेकंद थांबा, सेशन रिफ्रेश(फॉल्स) करून पुन्हा वाचा, आणि तिसऱ्यांदाही नसेल तरच चूक दाखवा.

प्रश्न : बॅकअप आधी कुणाचा घ्यायचा?

उत्तर : डेटाबेसचा. मग रिपॉझिटरीचा. त्या वेळात डिलीटचा वर्कर, झाडणी आणि गार्बेज कलेक्शन तिन्ही बंद ठेवा. परत आणल्यावर प्रत्येक नोंदीची फाइल जागेवर असते. जास्तीच्या फाइल झाडणी काढते.