वाट कोण काढतो, अडवणारे की धावणारा?

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमध्ये एकच धावपटू (चेंडू घेऊन पळणारा गडी) एका संघात चमकतो आणि दुसऱ्यात फिका पडतो, असे का व्हावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : धावणाऱ्याला वाट मोकळी करून देतात ते मुख्यतः आघाडीच्या रांगेतले पाच गडी, म्हणजे लाइनमन. त्यांच्या ब्लॉकिंगची, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अडवण्याची, पद्धत त्याच्या धावण्याशी जुळली नाही, तर चपळाई वाया जाते. झोन ब्लॉकिंगमध्ये हे पाचही जण एकाच दिशेने सरकतात, समोरची बचावफळी ताणली जाते आणि फट दिसताच धावपटूने एकदाच वळून थेट पुढे घुसायचे असते. डेन्व्हरच्या टेरेल डेव्हिसने १९९८ मध्ये याच पद्धतीत धावून हंगामात २००८ यार्ड अंतर मिळवले. पॉवर पद्धतीत मात्र एक गार्ड (मधल्या लाइनमनच्या शेजारचा गडी) जागा सोडून दुसऱ्या बाजूला येतो, म्हणून धावपटूला क्षणभर थांबावे लागते. उतावळा गडी त्याच्याच पाठीवर आदळतो. डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स कुठल्याच चौकटीत न मावणारा. गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीतून वाट काढावी तसा तो हुलकावण्या देई, त्यात पुष्कळदा यार्ड गमावी, तरी १९९७ मध्ये त्याने २०५३ यार्ड काढले. हा जुगार, माझ्या मते, फार थोड्या प्रशिक्षकांना परवडतो. पुढचा सामना पाहताना नजर चेंडूवर न ठेवता गार्डवर ठेवा. तो मागे सरकून वळला, तर बहुधा पॉवर.