माळरान मोडून लाकडाची शेती करावी का?

प्रश्न : आमची नान्नजच्या बाजूला मुरमाड पडीक जमीन आहे. त्यावर साग किंवा निलगिरी लावून पुढे लाकूड विकावे, असे एक व्यापारी सुचवतो. बांधावरील जुन्या चिंचा आणि बाभळी तो उक्त्या (न मोजता, एकरकमी) मागतो आहे. परवानगी कोणाची लागते आणि जवळच्या माळावरील वन्यप्राण्यांना याचा त्रास होईल का? (उत्तर सोलापूर व बार्शी तालुक्यांतील शेतकरी)

उत्तर : लाकडाचे उत्पन्न घेण्यास हरकत नाही, मात्र ते माळावर न घेता आपल्या बांधावर आणि खोल मातीच्या रानात घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पवन्या, कुसळी, मारवेल यांसारखी गवते आणि अधूनमधून एखादी बोर किंवा हिवर एवढाच पसारा असलेली जमीन आपण पडीक म्हणतो, परंतु सोलापूरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात तोच नैसर्गिक गवताळ प्रदेश आहे. काळवीट, लांडगा, खोकड आणि माळढोक पक्षी यांचे जगणे त्या मोकळेपणावरच अवलंबून असते. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते आणि शत्रू दूरवरून दिसावा म्हणून तिला दूरपर्यंत मोकळे दिसावे लागते. तिथे झाडांच्या रांगा उभ्या केल्या की शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते आणि मादी ती जागा सोडून देते. माळावर झाडे लावणे म्हणजे पर्यावरणाचे काम, हा समज त्यामुळे येथे उलटा ठरतो.

शेतीच्या हिशेबानेही हा सौदा फायद्याचा नाही. साग साधारण १००० मिलिमीटरच्या पुढील पावसात आणि निचऱ्याच्या खोल जमिनीत चांगला पोसतो. आपल्याकडील पाऊस त्याहून पुष्कळ कमी असल्यामुळे वीतभर मातीखालच्या मुरमात तो वर्षानुवर्षे काठीसारखा उभा राहतो. लाकूडच हवे असल्यास बांधावर कडुनिंब, देशी बाभूळ आणि ओघळीच्या काठी मानवेल बांबू लावावा. खासगी जमिनीवरील बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यातील 'वृक्ष' या व्याख्येत येत नाही, त्यामुळे त्याची तोड तुलनेने सोपी आहे. सुबाभूळ मात्र माळाच्या जवळ लावू नये, तिचे बी पसरते आणि गवत हटते.

तोडायचेच असेल तर आधी वेडी बाभूळ तोडा. ती बाहेरून आलेली आहे, गवताळ जागा व्यापते आणि तिच्या जळणाला व कोळशाला गिऱ्हाईक आहे. पण नुसते वरून कापल्यास ती दुप्पट फुटते, म्हणून बुडखा मुळासह उपटावा. वनखात्याच्या किंवा गायरानाच्या जमिनीतील वेडी बाभूळसुद्धा आपल्या मनाने तोडता येत नाही.

चिंचेबाबत घाई करू नका. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग, चंदन, खैर इत्यादी झाडे असून ती स्वतःच्या शेतात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. बाभळीचे नाव त्या यादीत नाही, तरीही लाकूड गाडीत भरण्यापूर्वी वाहतूक परवान्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. शिवाय नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत खासगी गटही आलेले असल्याने आपला गट क्रमांक हद्दीत येतो का, हे सातबारा दाखवून तिथेच पाहून घ्यावे.

जुन्या चिंचेच्या ढोलीत पिंगळा राहतो, आणि उंदरांचा बंदोबस्त करणारा त्याच्याइतका स्वस्त गडी शेतात दुसरा नाही. म्हणून ढोली असलेले झाड राखावे आणि बाकीच्यांपैकी वाळलेली, कललेली तेवढीच काढावीत. तोड पावसाळ्यात नको, कारण त्या काळात माळावर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची वीण चालू असते आणि ओल्या जमिनीत ट्रॅक्टर फिरल्याने बांधही फुटतात. व्यापाऱ्याला झाडे उक्ती देऊ नका. छातीच्या उंचीवरचा घेर मोजून लिहून ठेवा आणि लाकूड वजनकाट्यावर तोलून मगच पैसे ठरवा.